ट्रान्झिस्टरच्या मागचं अक्षर

ज्यांनी कधी ना कधी सोल्डरिंग आयर्नवर बोट भाजून घेतलं आहे अशा सगळ्या मित्रमैत्रिणींनो,

ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मुलांच्या हातात वस्तू दिल्या आणि मग विज्ञान सांगितलं. त्यांना आवडला असता असा विषय मी आज घेतला आहे. घरी बसून, हौस म्हणून, छोटी इलेक्ट्रॉनिक सर्किटं करणाऱ्या माणसाला मदत कशी करावी? विषय ऐकून कुणाला वाटेल, यात तासभर बोलण्यासारखं काय आहे? माझ्या मते पुष्कळ आहे. या मदतीत माणूस एकतर शिकतो, नाहीतर कायमचा छंद सोडतो. दोन्ही गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

कोण असतात ही मंडळी? गणपतीच्या आरासीसाठी पळते दिवे करणारा कॉलेजचा मुलगा. रात्री उशिरा लाइट आली की पंप आपला आपण सुरू व्हावा म्हणून डोकं लढवणारा शेतकरी. निवृत्तीनंतर जुना रेडिओ उघडून बसलेले काका. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शनिवारी संध्याकाळी जाऊन उभे राहा, काउंटरपाशी चिठ्ठी घेऊन उभी असलेली ही सगळी माणसं तुम्हाला दिसतील. आणि मदत मागायला आली की बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं: "सर, चालत नाही."

पहिला मुद्दा इथूनच सुरू होतो. "चालत नाही" म्हणजे काय? एलईडी पेटतच नाही, की पेटून विझत नाही? पहिल्यापासून असं आहे, की काल चालत होतं आणि आज बंद पडलं? हात जवळ नेला की चालतं आणि काढला की थांबतं, असं तर नाही ना? या प्रत्येक उत्तरामागे वेगळा दोष असतो. हात जवळ नेल्यावर वागणं बदलणारं सर्किट घ्या. आरासीतल्या पळत्या दिव्यांत ५५५ टायमर ठोके देतो आणि ४०१७ हा काउंटर एकेक दिवा पुढे सरकवतो. मुलगा सांगतो, दिवे वेडेवाकडे उड्या मारतात, बोट जवळ नेलं की वेगळ्याच उड्या मारतात. हे ऐकलं की जाणकार माणूस सरळ ४०१७ च्या १३ आणि १५ नंबरच्या पिना बघतो. एक पिन मोजणी थांबवते, दुसरी मोजणी पुन्हा शून्यावर आणते. दोन्ही वापरायच्या नसतील तर मायनसला जोडाव्या लागतात. मोकळ्या सोडल्या तर त्या हवेतली गुणगुण, घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झ, तुमच्या बोटाचा स्पर्श, सगळंच पकडत बसतात. मुलाने लक्षण नीट सांगितलं, म्हणून दोष अर्ध्या मिनिटात सापडला. नुसतं "चालत नाही" म्हणाला असता तर आपण त्याला नवी आयसी आणायला पाठवलं असतं, आणि नवी आयसीही तशीच नाचली असती.

म्हणून मदत करणाऱ्याने सुरुवातीला तीन प्रश्न विचारावेत. काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय होतंय? आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा: तुम्ही जे जोडलं आहे त्याचं चित्र काढून दाखवाल का? मासिकात छापलेलं चित्र नको. समोर ब्रेडबोर्डवर जे आहे, ते बघून काढलेलं चित्र हवं. निम्मे दोष हे चित्र काढतानाच सापडतात, आणि ते स्वतः काढणाऱ्यालाच सापडतात. लांबट ब्रेडबोर्डवर प्लस-मायनसच्या ज्या पट्ट्या असतात, त्या कित्येकदा मध्यावर तुटलेल्या असतात. डाव्या अर्ध्या भागात नऊ व्होल्ट, उजव्या अर्ध्या भागात काहीच नाही. लाल रेघ छापलेली असते म्हणून आपण धरून चालतो की पट्टी सलग आहे. वायर कुठून कुठे जाते हे एकेक करून कागदावर उतरवायला लागलं की हे कळतं.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

दहावीतली एक मुलगी माझ्याकडे टाकीचा भोंगा घेऊन आली. आपल्याकडे हे सर्किट घरोघरी लागतं. नळाला पाणी आलं की मोटर लावायची, टाकी भरली की वाहून जाण्याआधी कळायला हवं. तिची जुळणी अशी होती. टाकीत दोन तारा सोडलेल्या. एक तार १२ व्होल्टच्या प्लसला. दुसरी १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला. एमिटर मायनसला. कलेक्टरमध्ये ४०० ओहम कॉइलचा १२ व्होल्टचा रिले, आणि रिलेवर भोंगा. पाणी दोन्ही तारांना टेकलं की बेसला करंट मिळतो, ट्रान्झिस्टर चालू होतो, रिले ओढला जातो. कल्पना अगदी बरोबर. पण रिले ओढला जात नव्हता. तिने ट्रान्झिस्टर बदलला होता, रिले बदलला होता. आणि तिला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होत होता, सांगू? तिच्या वर्गातल्या मैत्रिणीने हेच सर्किट, हेच चित्र बघून केलं होतं आणि तिचं चालत होतं.

अशा वेळी मदतीचे दोन रस्ते असतात. एक, "अगं, इथे आणखी एक ट्रान्झिस्टर लाव," असं सांगून मोकळं व्हायचं. उत्तर बरोबर आहे, पाच मिनिटांत भोंगा वाजला असता. दुसरा रस्ता म्हणजे तिच्या हातात मल्टिमीटर द्यायचा आणि आपले हात मागे बांधून बसायचं. मी दुसरा घेतला.

आधी सप्लाय बघितला. तोही भोंग्याचं सर्किट जोडलेलं असताना, कारण मोकळा अ‍ॅडाप्टर आणि चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी या दोघांचंही खरं रूप लोड लावल्यावरच दिसतं. १२ व्होल्ट पुरेपूर. मग ती म्हणाली, बेस बघते. ०.७ व्होल्ट. म्हणजे ट्रान्झिस्टरला करंट मिळतोय. मग कलेक्टर. चालू ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर जेमतेम ०.२ व्होल्ट दिसायला हवेत. मीटर दाखवत होता ४. ती म्हणाली, "काका, हा चालू पण नाही आणि बंद पण नाही." मला तिचं हे वाक्य फार आवडलं. ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा होता. १२ मधून ४ गेले, कॉइलच्या वाट्याला उरले ८ व्होल्ट. १२ व्होल्टचा रिले साधारण ९ व्होल्टला ओढला जातो. एका व्होल्टाने अडलं होतं.

मग अर्धवट का? १० किलोओहमच्या रेझिस्टरच्या दोन टोकांना मीटर लावायला सांगितलं. १.९ व्होल्ट. ओहमचा नियम तिला पाठ होता, पण आजवर तो परीक्षेत वापरलेला. १.९ भागिले १०,००० म्हणजे ०.१९ मिलिअँपिअर. एवढाच बेसचा करंट. बाकीचे सव्वानऊ-साडेनऊ व्होल्ट टाकीतल्या पाण्याने खाल्ले होते, म्हणजे त्या दोन तारांमधलं पाणी सुमारे ५० किलोओहमच्या रेझिस्टरसारखं वागत होतं. रिलेला ३० मिलिअँपिअर लागतात. ०.१९ वरून ३० वर जायचं तर ट्रान्झिस्टरने करंट दीडशेपटीहून जास्त वाढवायला हवा.

आणि मग मी तिला ट्रान्झिस्टरवरचं अक्षर वाचायला सांगितलं. बीसी ५४७ च्या मागे छोटं अक्षर छापलेलं असतं: ए, बी किंवा सी. ए मध्ये ही वाढ ११० ते २२० पट, बी मध्ये २०० ते ४५०, सी मध्ये ४२० ते ८००. तिच्या ट्रान्झिस्टरवर ए होता. दुकानदाराने एकाच डबीतून दिला म्हणून बदललेला ट्रान्झिस्टरसुद्धा ए. मैत्रिणीच्या ट्रान्झिस्टरवर काय असेल, हे तिने लगेच ओळखलं. फोन करून विचारलंही. सी होता.

मला इथे थोडं थांबायचं आहे. तिचं सर्किट बिघडलेलं नव्हतं. सगळे भाग निरोगी होते, सगळी जोडणी चित्राबरहुकूम होती. चूक चित्रात होती. चित्र काढणाऱ्याने ट्रान्झिस्टरच्या वाढीवर विसंबून डिझाइन केलं होतं, आणि ही वाढ नगागणिक बदलते. दोष शोधणं आणि डिझाइन करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण मानतो. मला तसं वाटत नाही. चार मापं घेऊन त्या मुलीने दोष शोधला, आणि त्याच चार मापांनी पुढचं डिझाइन तिच्या हातात दिलं. दोन बीसी ५४७ एकामागे एक जोडायचे, डार्लिंग्टन म्हणतात त्या पद्धतीने. वाढीचा गुणाकार होतो, हजारांच्या घरात जातो. मग मागचं अक्षर कुठलंही असो, रिले ओढला जाणारच. अशा जोडीवर ०.२ च्या ऐवजी ०.८ व्होल्टच्या आसपास राहतात, पण रिलेला ११ मिळाले तरी त्याचं भागतं.

शिवाय एक डायोड. रिलेच्या कॉइलला उलटा लावायचा, १एन ४००७ चालतो. करंट तोडला की कॉइल आपला साठा एकदम मोकळा करते आणि क्षणभर शंभराच्या घरातले व्होल्ट कलेक्टरवर येऊ शकतात. बीसी ५४७ ची सोसण्याची मर्यादा ४५ व्होल्ट. डायोड नसलेलं सर्किट पहिल्या दिवशी चालतं, आठवड्याने मरतं आणि करणारा बिचारा ट्रान्झिस्टर खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतो.

आणखी एक गोष्ट. टाकीतल्या तारांपैकी प्लसला जोडलेली तार काही आठवड्यांत हिरवी पडते, झिजते. हे विद्युतविच्छेदन, शाळेच्या प्रयोगशाळेत मुद्दाम करतो तेच. तांबं पाण्यात उतरतं, आणि ते पाणी घरात वापरायचं असतं. तारा स्टीलच्या घेतल्या तर झीज मंदावते. मुळातून सोडवायचं असेल तर पाण्यातून एकाच दिशेने करंट जाऊच देऊ नये: ५५५ च्या ठोक्यांना कपॅसिटरमधून पाण्यात सोडावं, म्हणजे जेवढा करंट एका दिशेने जातो तेवढाच परत येतो. छंद म्हणून सुरू केलेल्या टाकीच्या भोंग्यात रसायनशास्त्रही येऊन बसतं, ते असं.

तिसरा मुद्दा डिझाइनचा, आणि तो वर थोडा आलाच आहे. नवशिक्याला डिझाइन शिकवताना मी नेहमी शेवटाकडून सुरू करायला सांगतो. काय चालवायचं आहे? त्याला किती व्होल्ट आणि किती करंट लागतो? ते ठरलं की त्याच्या मागचा ट्रान्झिस्टर ठरतो, मग त्याचा बेस रेझिस्टर, मग त्याच्या मागचं सगळं. लाल एलईडी ९ व्होल्टवर लावायचा आहे: एलईडी स्वतः २ व्होल्ट घेतो, उरले ७, करंट हवा १५ मिलिअँपिअर, सातला ०.०१५ ने भागा, ४६६ येतात, बाजारात मिळणारं जवळचं मूल्य ४७० ओहम. एवढं ज्याने स्वतः केलं, त्याला पांढरा एलईडी, जो ३ व्होल्टच्या वर घेतो, तो लावताना चित्र शोधत फिरावं लागत नाही.

पण चांगलं डिझाइन म्हणजे काय, याचं माझ्या डोळ्यांसमोरचं उदाहरण ५५५ च आहे. हान्स कॅमेनझिंड नावाच्या स्विस वंशाच्या अभियंत्याने १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी त्याचं डिझाइन केलं, १९७२ मध्ये तो बाजारात आला, आणि पन्नास वर्षांहून जास्त काळ झाला तरी तपकीर गल्लीतल्या प्रत्येक दुकानात मिळतो. पहिल्या आराखड्यात नऊ पिना लागत होत्या. कॅमेनझिंड यांनी आतला स्थिर करंटचा भाग काढून त्याजागी बाहेरचा साधा रेझिस्टर घेतला आणि पिना आठ झाल्या. आठ पिनांचं स्वस्त पॅकेज मिळालं. आत तीन सारखे रेझिस्टर एकापुढे एक आहेत. ते सप्लायचे तीन समान भाग करतात. कपॅसिटर सप्लायच्या एक तृतीयांशापासून दोन तृतीयांशापर्यंत भरतो, मग रिकामा होतो. सप्लाय ५ व्होल्ट असो की १२, दोन्ही पायऱ्या त्याच प्रमाणात सरकतात, आणि ठोक्याची गती जवळजवळ तीच राहते. सिलिकॉनच्या तुकड्यावर रेझिस्टरचं अचूक मूल्य मिळवणं कठीण, पण शेजारशेजारच्या रेझिस्टरचं एकमेकांशी प्रमाण चांगलं जमतं. कॅमेनझिंड यांनी प्रमाणावर भिस्त ठेवली. टाकीच्या भोंग्याचं चित्र काढणाऱ्याने ट्रान्झिस्टरच्या वाढीवर भिस्त ठेवली होती. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

५५५ ची एक खोड मात्र सांगून ठेवतो, कारण ती अनेकांना छळते. आउटपुट बदलतो त्या क्षणी तो सप्लायमधून करंटचा मोठा झटका खेचतो. शेजारी काउंटर असेल तर त्याला तो झटका ठोका वाटतो आणि तो दोन दोन घरं पुढे जातो. आयसीच्या अगदी पायाशी, प्लस आणि मायनसमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि जोडीला १० किंवा १०० मायक्रोफॅरडचा. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावून उपयोग नाही.

डिझाइनचा आणखी एक धडा आपल्याच देशातला आहे. हैदराबादचे अशहर फरहान यांनी हॅम रेडिओवाल्यांसाठी बिटएक्स नावाचा ट्रान्सीव्हर तयार केला. परदेशी पुस्तकांतल्या चित्रांत फेराइटच्या खास कड्या लागतात, आणि त्या इथल्या दुकानात सहज मिळत नसत. फरहान यांनी कॉइल गुंडाळायला नळाचे नायलॉनचे वॉशर घेतले. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे. त्या वॉशरवर गुंडाळलेल्या कॉइलच्या रेडिओवर लोक दूरदूरच्या देशांशी बोलले. आपल्या बाजारात काय मिळतं, हे ज्याला ठाऊक आहे तोच आपल्या लोकांसाठी डिझाइन करू शकतो. मदत करताना आपण परदेशी पार्टचं नाव सांगून मोकळे होतो, आणि तो मुलगा चार दुकानं हिंडून रिकाम्या हाताने घरी जातो. असं होता कामा नये.

कुणी म्हणेल, आता आर्डुइनो आला, हे सगळं जुनं झालं. २००५ मध्ये इटलीत सुरू झालेल्या त्या बोर्डाने लाखो मुलांना या छंदात आणलं, त्याबद्दल मला मनापासून आनंद आहे. पण आर्डुइनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त घेऊ नयेत. बाजारात मिळणाऱ्या ५ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल ७० ओहमची, तिला ७० मिलिअँपिअर लागतात. मध्ये ट्रान्झिस्टर लागतोच, बेस रेझिस्टर लागतोच, डायोड लागतोच. प्रोग्रॅम कितीही सुंदर लिहिला तरी ओहमचा नियम दाराशी उभा असतो.

चौथा मुद्दा लहान आहे, पण त्यात मी तडजोड करत नाही. २३० व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरशिवाय, नुसत्या कपॅसिटरने मेनमधून करंट काढणारी सर्किटं फार लोकप्रिय आहेत, कारण स्वस्त पडतात. ०.४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून सुमारे ३४ मिलिअँपिअर मिळतात, एलईडीच्या माळेला पुरेसे. हिशेब बरोबर आहे. पण या सर्किटचा प्रत्येक बिंदू, मायनससुद्धा, मेनला जोडलेला असतो. दिसायला ५ व्होल्टचं सर्किट, हात लावला तर जीव जाऊ शकतो. नवशिक्याने असलं सर्किट दुरुस्तीला आणलं तर मी त्याला नाही म्हणतो आणि का ते सांगतो. चांगल्या कंपनीचा मोबाइल चार्जर घे, ५ व्होल्ट आयते मिळतात, मेनपासून अलग. घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवला आहे का, तेही विचारतो. पंपाच्या स्टार्टरचं काम करणाऱ्या शेतकऱ्याला सांगतो, नियंत्रणाचं सर्किट आपण मिळून करू, पण स्टार्टरच्या पेटीतली जोडणी लायसन्सवाल्या वायरमनकडूनच. मदत करणाऱ्याला "नाही" म्हणता आलं पाहिजे.

आणि मदत करणाऱ्याच्या स्वभावाबद्दल. नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये काम केलेले बॉब पीस यांनी १९९१ मध्ये केवळ दोष शोधण्यावर एक पुस्तक काढलं. त्यात रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड यांना त्यांनी स्वतंत्र प्रकरणं दिली. इतक्या मोठ्या माणसाने रेझिस्टर कसा बिघडतो यावर पानंच्या पानं खर्च केली, आणि आपण मात्र समोरच्याला म्हणतो, "एवढं साधं येत नाही?" मला सांगा, हे वाक्य ऐकून आजवर कुणाला काही आलं आहे का? तपकीर गल्लीतल्या एका काउंटरवर मी एक म्हातारे गृहस्थ पाहिले आहेत. मुलगा चुकीचा कपॅसिटर मागतो, ते देत नाहीत. विचारतात, कशाला हवाय, किती व्होल्टवर लावणार? मुलगा सांगतो, १२ वर. मग ते १६ व्होल्टच्या ऐवजी २५ चा काढून देतात आणि कारण सांगतात. दोन रुपयांच्या विक्रीत पाच मिनिटं घालवतात. मदत म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडे बघून शिकलो.

शेवटी आयोजकांना आणि तुम्हा सर्वांना एक विनंती आहे. या सभागृहाशेजारची वाचनालयाची खोली शनिवारी दुपारी रिकामी असते. तिथे एक मदतीचं टेबल मांडूया. लागणारं सामान थोडं आहे: दोन मल्टिमीटर, करंटवर मर्यादा घालता येईल असा एक पॉवर सप्लाय, म्हणजे शॉर्ट झालं तरी पार्ट जळणार नाहीत, १० ओहमपासून १ मेगाओहमपर्यंतचे रेझिस्टर, थोडे ५५५, आणि बीसी ५४७, तिन्ही अक्षरांचे, वेगवेगळ्या डब्यांत. ज्यांना वेळ आहे त्यांनी आळीपाळीने बसावं. आणि तुमच्याकडे कपाटात, डब्यात पडलेली न चाललेली सर्किटं असतील, तर ती टाकून देऊ नका, घेऊन या. सोबत एक कागद आणा. त्यावर काय व्हायला हवं होतं, काय होतंय, आणि जोडणीचं तुम्ही स्वतः बघून काढलेलं चित्र, एवढं असलं की पुढच्या शनिवारपासून सुरू करता येईल.